मीटरवरचं कालव्याचं पाणी, एक हंगाम वापरून (५ पैकी साडेतीन स्टार)

आधी आमच्या कालव्यावर क्षेत्रावर पट्टी होती, म्हणजे रान केवढं आणि पीक कुठलं ते लिहून द्यायचं, पैसे भरायचे, मग घोटाभर पाणी घ्या नाहीतर गुडघाभर, बिल तेच. त्यामुळे मुखाकडची, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीची मंडळी रात्री पाण्याचं दार उघडं टाकून खुशाल झोपायची आणि टेलला, पार शेवटाला, आम्ही कोरड्या चारीत बॅटरी मारत बसायचो. गेल्या हंगामापासून चारीच्या पाइपावर मीटर आला, जेवढं पाणी तेवढे पैसे.

आधी चांगलं ते सांगतो. आपण रानात किती पाणी ओततो हे मला पहिल्यांदा कळलं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर, एवढं डोक्यात ठेवलं की झालं. माझा हेक्टरभर मका, पाळीला (कालव्याचं पाणी घ्यायची आपली वेळ) ५० मिलिमीटर हवं म्हणजे ५०० घनमीटर, आणि चारीला एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) म्हणजे तासाला १०० घनमीटरच्या आसपास येतं, तर पाच तासांत उरकायला पाहिजे. पहिल्या पाळीला मीटर बघितला तर ८१०! रान एका कोपऱ्यात बसलंय, तिथं तळं झालं आणि वरच्या सऱ्या अजून तहानलेल्या. पीक उभं म्हणून लेव्हल मारता येईना, पण लांब सऱ्या मधे तोडल्या तर पुढच्या पाळीला ६२० वर आलं. इतकी वर्षं दारं धरतोय पण हे दिसलंच नव्हतं, कारण बघून करायचं काय होतं, बिल तर तेच.

आता बोंब. तुरा निघायच्या टायमाला पाळी होती ती ९ दिवस लेट आली. सकाळी दहालाच पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या होत्या, त्या दिवसांत एका पाण्याला मी तिप्पट पैसेसुद्धा मोजले असते हो, पण घेणार कुणाकडून? शेवटी शेजाऱ्याच्या बोअरचं तासावर घेतलं, कालव्यापेक्षा कितीतरी महाग, आणि घासाघीस न करता दिले कारण तो सहाला मोटर चालू करतो म्हणाला आणि सहाला केली. त्याचा भाव पण उगाच नाही, ३० मीटरवरून ५०० घनमीटर उपसायचं तर पंप निम्म्या कार्यक्षमतेचा धरला तरी ८० युनिट जातात, वर मोटर जळायची धास्ती त्याची. आणि मग आली कालव्याची पाळी! रान ओलंच, वाफसा यायचाय, म्हणून घेतलं नाही, तरी बिलात स्थिर आकार आहेच. विचारलं तर म्हणे गाळ काढायचा आणि दारं दुरुस्तीचा खर्च तुम्ही पाणी घ्या न घ्या होतोच. हे पटतं मला, खरंच पटतं, पण मग उशिराची सूट कुठल्या रकान्यात बघायची?

मीटर पण जपावा लागतो, पात्यात काडीकचरा अडकतो. एका रात्री आकडा थांबला आणि पाणी मात्र धो धो चालू, शेजारी म्हणतो राहू दे की दादा, फुकट चाललंय. मी हात घालून पाला काढला. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही, मागच्या पाळीला मीटर बंद दिसला म्हणून सरासरीचं बिल लावलेलं आणि ते माझ्या वापरापेक्षा जास्त निघालेलं.

मोजणीला पूर्ण मार्क, वेळेला एक, त्यातून साडेतीन कसे झाले मलाही माहीत नाही, बहुतेक ६२० चा आनंद. पुढच्या हंगामाचा अर्ज भरलाय पण अर्ध्याच क्षेत्राचा, बाकी अर्ध्यासाठी शेजाऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय, ॲडव्हान्स पण दिलाय.