एनआयसीयूतील बाळांच्या हेडबँडसाठी चार पदरी सुती धागा : एक परीक्षण

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाने हेडबँड विणून रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, पोहोचवणाऱ्या आम्हा काही जणींना सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात ते धाग्याबद्दल. म्हणून सध्या आम्ही वापरत असलेल्या धाग्याचे हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. हा धागा शंभर टक्के सुती, चार पदरी आणि मर्सराइज न केलेला (म्हणजे रासायनिक प्रक्रियेने चकचकीत न केलेला) आहे. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीमध्ये विणकामाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात तो 50 ग्रॅमच्या गुंड्यांत मिळतो आणि तेवढ्याच वजनाच्या ॲक्रिलिक ‘बेबी वूल’पेक्षा बराच महाग पडतो. असे असूनही या कामासाठी मी तोच सुचवेन, आणि त्यामागची कारणे विणणारीच्या सोयीपेक्षा बाळाच्या त्वचेशी आणि रुग्णालयातील धुलाईशी अधिक निगडित आहेत.

गर्भावस्थेचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व म्हणतात, परंतु या एका शब्दात फार वेगवेगळ्या आकारांची बाळे सामावलेली असतात. 28 आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 26 सेंटिमीटर असतो, 32 आठवड्यांच्या बाळाचा 29 ते 30 आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा 35 च्या आसपास. जितके लवकर जन्मलेले बाळ, तितका त्याच्या त्वचेचा बाहेरचा थर पातळ. चिकटपट्टी काढतानाही त्वचा सोलवटण्याची भीती असते. कवटीची हाडे मऊ असतात आणि टाळू भरलेली नसते. अशा डोक्यावर घट्ट बसलेला पट्टा वळ उमटवतो, तर सैल पट्टा घसरून डोळ्यांवर किंवा थेट नाकावर येऊ शकतो आणि हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा गंभीर आहे. त्यामुळे हेडबँडच्या धाग्याकडून पहिली अपेक्षा असते ती हलक्या, सारख्या ताणाची, आणि सुताची खरी उणीव नेमकी इथेच आहे. सुताला स्वतःचा ताण जवळजवळ नसतो. ॲक्रिलिक ओढून सोडले की बरेचसे पूर्ववत होते. सुती वीण ओढली की ओढलेलीच राहू पाहते.

या धाग्यात ही उणीव विणीने भरून काढता येते. पट्टा लांबीत न विणता आडवा विणावा : 3.5 मिलिमीटरच्या सुईवर सहा साखळ्या घालून पाच मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), आणि पुढच्या प्रत्येक ओळीत सुई टाक्याच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात घालावी. यातून उंचसखल पट्ट्यांची जी रिब तयार होते, ती लांबीच्या दिशेने छान ताणली जाते आणि सोडली की आवळते. मर्सराइज केलेल्या, चकचकीत सुती धाग्यावर हीच वीण कडक आणि निसरडी होते. या धाग्याला मात्र पृष्ठभागावर किंचित लव असल्यामुळे ओळी एकमेकींना धरून राहतात. डोक्याच्या घेराच्या सुमारे पंधरा टक्के कमी लांबी ठेवावी, म्हणजे 26 सेंटिमीटरच्या डोक्यासाठी 22 सेंटिमीटरचा पट्टा. तो अलगद बसतो आणि खाली दोन बोटे सहज सरकतात. खांब किंवा लांब खांब हे उंच टाके वापरून जाळीदार नक्षी करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मोठ्या छिद्रांत बाळाचे बोट किंवा एखादी वायर अडकू शकते. फुले, मणी, बटणे, सॅटिनच्या गाठी यांनाही इथे जागा नाही. धाग्याचा दोष सांगायचा तर पीळ सैल आहे. सुईचे टोक अणकुचीदार असेल तर चार पदरांपैकी एखादा मागे राहतो आणि तो टाका उसवून पुन्हा घालावा लागतो. गोलसर टोकाची सुई वापरल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

धुलाईच्या बाबतीत हा धागा मनापासून आवडला. रुग्णालयात जाणारी वस्तू गरम पाण्यात, 60 अंशांपर्यंत धुता आली पाहिजे, आणि सूत ते सहन करते. पहिल्या धुण्यात पट्टा थोडा आटतो, म्हणून विणून झाल्यावर एकदा गरम पाण्यातून काढून, सपाट पसरून वाळवावा आणि मगच त्याचे माप घ्यावे. त्यानंतर त्याच्या मापात जाणवण्याजोगा फरक पडलेला मला दिसला नाही. ॲक्रिलिकचा धागा तापला की त्याची वीण मरते, पट्टा लोंबकळतो आणि पुन्हा आवळत नाही; शिवाय काही धुण्यांनंतर त्यावर गोळे येतात. सुताला वाळायला वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या दमट हवेत पट्टे पंख्याखाली ठेवूनही आतून ओलसर राहत होते, आणि ओलसर वस्तू पिशवीत बंद करून रुग्णालयात देणे कदापि योग्य नाही.

रंगांची बाजू संमिश्र आहे. पांढरा, साय, फिकट पिवळा आणि पिस्ता हे रंग पक्के निघाले. 17 नोव्हेंबरला जागतिक मुदतपूर्वता दिन असतो आणि जांभळा हा त्याचा रंग असल्यामुळे ऑक्टोबरपासूनच जांभळ्या धाग्याची मागणी वाढते. या धाग्यातला गडद जांभळा मात्र ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला असता रंग सोडत होता, आणि मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा घरगुती उपायही पुरेसा ठरला नाही. फिकट जांभळ्याने ही परीक्षा पार केली. त्या दिवसासाठी तोच घ्यावा.

आता एक गोष्ट जरा आग्रहाने सांगायची आहे. दुकानातून आणलेल्या एका पुड्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. लोकरीच्या गुंड्यांना कसर लागू नये म्हणून त्यांच्या कपाटात या गोळ्या ठेवल्या जातात आणि सुती धागा त्याच फळीवर होता. या गोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. ज्या नवजात बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनच्या संपर्काने फुटू लागतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. अशा गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे बाळाला घातल्यामुळे हे घडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्याकडे मोठ्या भावंडाची झबली-टोपडी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, त्यामुळे हा धोका केवळ धाग्यापुरता नाही. कसर लागते ती प्राण्यांच्या केसांपासून केलेल्या लोकरीला; सुताला आणि ॲक्रिलिकला या गोळ्यांची गरजच नसते. मी तो पुडा परत केला. दुकानदारांनी खळखळ न करता दुसऱ्या फळीवरचा माल दिला, ही त्यांची जमेची बाजू. पण धागा आजही शेजारीच ठेवलेला असतो, म्हणून प्रत्येक गुंडा वास घेऊनच घ्यावा. सुगंधी साबण आणि कपडे मऊ करणारे द्रावणही या कामात वापरू नये.

हेडबँडकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही धाग्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. तो टोपडे नव्हे. बाळाला ऊब देण्याचे काम टोपड्याचे. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून कांगारू पद्धतीने बाळाला ठेवतात तेव्हाही डोक्यावर टोपडेच हवे. नळी, मास्क किंवा फोटोथेरपीची (काविळीवरच्या प्रकाशोपचाराची) डोळ्यांवरची पट्टी जागेवर धरण्यासाठी घरी विणलेला पट्टा कधीही वापरू नये. तरीही त्याचे मोल मी कमी मानत नाही. नळ्या, वायरी आणि यंत्रांच्या आवाजात ज्या आईला आपले बाळ काचेपलीकडून पाहावे लागते, तिला त्याच्या डोक्यावर आपल्या हाताने घालता येईल अशी एखादी वस्तू मिळणे ही मोठी गोष्ट आहे. सिस्टरांनी परवानगी दिल्यावर, कोणीतरी समोर असताना, थोड्या वेळापुरता तो घालावा आणि बाळ झोपण्याआधी काढावा. पट्टे विणण्यापूर्वीच त्या कक्षाच्या प्रमुख सिस्टरांना भेटून ते चालतील का, आणि कोणत्या मापांचे हवेत, हे विचारावे. काही ठिकाणी बाहेरच्या वस्तू मुळीच स्वीकारत नाहीत, आणि संसर्गाचा विचार करता तो नियम रास्तच आहे.

एका गुंड्यात अगदी लहान मापाचे दहाच्या आसपास पट्टे होतात, त्यामुळे किमतीतला फरक प्रत्येक पट्ट्यामागे फारसा जाणवत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सायीच्या रंगाचा एकच गुंडा घ्यावा, 22 आणि 25 सेंटिमीटरचे पट्टे आधी विणावेत, टोके आत किमान पाच-सहा टाके ओवून पक्की करावीत, आणि प्रत्येक मापाची वेगळी पारदर्शक पिशवी करून तिच्यावर आठवड्यांऐवजी सेंटिमीटर लिहावेत, कारण सिस्टर बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजतात आणि त्यांना तोच आकडा शोधायचा असतो.