ख्रिस्ती ऐक्य सप्ताहाची पुस्तिका : पुण्यातील मंडळ्यांच्या वापरातून

दर वर्षी १८ ते २५ जानेवारी या दिवसांत पाळल्या जाणाऱ्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहासाठी जागतिक चर्च परिषद आणि व्हॅटिकन मिळून उपासनेची एक पुस्तिका तयार करतात. सप्ताहाची प्रथा १९०८ सालची. संयुक्तपणे तयार केलेले साहित्य मात्र १९६८ पासून वापरात आहे. २०२५ ची पुस्तिका पुण्यात आमच्या शेजारी मंडळ्यांच्या (स्थानिक चर्च-समुदायांच्या) एका लहान गटाने, म्हणजे काही कॅथलिक आणि काही ‘उत्तर भारतीय चर्च’ या प्रोटेस्टंट चर्चच्या कुटुंबांनी, एकत्र वापरली. हा अभिप्राय त्या वापरावर आधारलेला आहे.

ख्रिस्ती धर्माध्यक्षांची निकिया येथील परिषद ३२५ साली भरली, तिला २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. म्हणून उत्तर इटलीतील बोझे येथील मठवासी समुदायाने ही पुस्तिका निकियाच्या विश्वासांगीकाराभोवती, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे सार सांगणाऱ्या कबुलीभोवती, रचली आहे. लाजाराच्या मृत्यूनंतर येशूने त्याची बहीण मार्थेला तिच्या विश्वासाविषयी विचारलेला प्रश्न हे तिचे सूत्र. ही निवड मला फार योग्य वाटते. विश्वासांगीकार कोणा एका पंथाच्या मालकीचा नसल्यामुळे आमच्या बैठकांत यजमान कोण आणि पाहुणा कोण हा भेद पहिल्याच संध्याकाळी गळून पडला. मुख्य उपासना वचनावर आणि प्रार्थनेवर उभी आहे, तीत प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, नाही. काहींना हे उणे वाटले. मला मात्र तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण जे ऐक्य अजून साधलेले नाही ते साधल्याचा देखावा करून कोणाच्याही सदसद्विवेकावर ओझे टाकणे योग्य नव्हे.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण तिच्या मजकुराइतकाच तिच्या मोकळिकीत आहे. स्थानिक मंडळ्यांनी साहित्यात आपापल्या गरजेनुसार बदल करावेत, अशी तिची स्वतःचीच अपेक्षा आहे, आणि जानेवारी सोयीचा नसेल तर वर्षातला दुसरा काळ निवडण्याचीही मुभा आहे. आमच्या हाती इंग्रजी प्रत होती. तिचे मराठी करायला दोन्हीकडची माणसे एकत्र बसली, तेव्हा कोणती प्रार्थना कोणाच्या ओठी कशी रुळलेली आहे, वेदीजवळ कोण उभे राहते, मध्यस्थीच्या प्रार्थना कोण म्हणते, हे सारे बोलले गेले. गीतांच्या जागी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने घेतली आणि पेटीची साथ मिळताच उपासना आपली वाटू लागली. खुर्च्या लावणे, चहा करणे, वृद्धांना घरून आणणे ही कामे मिश्र जोड्यांकडे दिली होती. ज्या मंडळीला हे जमवायचे असेल, तिने कामांची वाटणी मंडळीवार मुळीच करू नये. तसे केले की दोन गट एका छताखाली शेजारी शेजारी राबतात, एकत्र मात्र येत नाहीत.

आठही दिवसांचे मनन चांगले आहे, पण नोकरी करून हडपसर किंवा पिंपरीहून येणाऱ्यांना रोज सायंकाळी जमणे अवघड जाते. तीन संध्याकाळी पुरेशा आहेत. प्राचीन ख्रिस्ती लेखकांचे उतारे सुंदर असले तरी मोठ्याने वाचताना जड होतात. ते आधी घरी वाचून यावेत.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पंथापंथांतील अंतर ही पुस्तिका समंजसपणे हाताळते, परंतु एकाच मंडळीच्या आत जातीमुळे, भाषेमुळे किंवा शिक्षणामुळे पडलेल्या भिंतींना ती फारसा हात घालत नाही. भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट या विद्यार्थी चळवळीच्या पुढाकाराने तयार झालेली २०१३ ची पुस्तिका मला या बाबतीत अधिक धीट वाटते. देव आपल्याकडून काय अपेक्षितो, या बायबलमधील मीखा संदेष्ट्याच्या प्रश्नापासून सुरुवात करून तिने दलित ख्रिस्ती बांधवांवरील अन्याय ऐक्याच्या चर्चेच्या मध्यभागी आणला. महाराष्ट्रातील मंडळ्यांना हा विषय टाळता येणार नाही. म्हणून २०२५ चा विश्वासांगीकार आणि २०१३ चे मनन अशी सांगड घालावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

पुण्याला हे काम नवे नाही. १९७० साली नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले, त्याच्या उपासना इथल्या मंडळ्यांत दर रविवारी होतात. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) आणि कॅथलिक भगिनींनी एकत्र राहून दाखवले. एका छताखालचे जगणे आणि एका सप्ताहाची प्रार्थना यांत अर्थातच फार अंतर आहे, आणि पुस्तिका वापरणाऱ्यांनी ते विसरू नये. आमच्या गटाने सप्ताह संपल्यावर रुग्णभेटींसाठी एकच सामाईक यादी ठेवली आहे. पुस्तिकेत याची सूचना नव्हती, ती असायला हवी होती.

साहित्य दोन्ही प्रकाशक संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. मराठी मसुद्याला वेळ लागतो, त्यामुळे जानेवारीत सप्ताह पाळायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या पाळकांना आणि धर्मगुरूंना नोव्हेंबरातच एकत्र बसवावे.