हरवलेली पॅकेजयादी आणि डीपीकेजीची रोजची प्रत

माझ्या लिनक्स संगणकावर पॅकेजांचे, म्हणजे प्रोग्राम ज्या गठ्ठ्यांतून बसवले जातात त्यांचे, अपडेट चालू असतानाच वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामच्या /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरातील ‘स्टेटस’ ही फाइल शून्य बाइटची झालेली आढळली. प्रोग्राम सगळे जागच्या जागी होते, चालतही होते. पण कोणती पॅकेजेस बसवलेली आहेत याची नोंदच पुसली गेल्याने नवे काही बसवता येईना आणि जुने काढता येईना. शेजारची ‘स्टेटस-ओल्ड’ ही आदली प्रत सर्वांत आधी पाहावी, तशी मी पाहिली, परंतु तीही अर्धवट तुटलेली होती.

त्या वेळी जी सोय कामी आली, ती डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये मुळातच असते, वेगळी बसवावी लागत नाही. दिवसातून एकदा स्टेटस फाइल तपासली जाते आणि तिच्यात बदल झाला असेल तरच तिची प्रत /व्हार/बॅकअप्स मध्ये ठेवली जाते. अशा ७ प्रती राहतात. ० क्रमांकाची सर्वांत ताजी आणि साधी, १ ते ६ क्रमांकांच्या जीझिप या प्रोग्रामने आकार लहान करून आवळलेल्या. बदल नसेल तर प्रत नाही, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण ज्या संगणकावर क्वचितच काही बसवले जाते तिथे याच ७ प्रती कित्येक आठवडे मागे नेऊ शकतात.

प्रत जागेवर ठेवण्याआधी मी ती उघडून वाचली. प्रत्येक पॅकेजचे नाव, त्याखाली ‘इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड’ ही स्थिती, पुढे आवृत्ती आणि अवलंबित्वे (त्याला लागणारी इतर पॅकेजेस), असे परिच्छेद शेवटपर्यंत सलग होते. प्रत आदल्या दिवशीची असल्याने मधल्या काळात बसवलेली पॅकेजेस तिच्यात नव्हती. ती /व्हार/लॉग मधील डीपीकेजीच्या लॉगमध्ये, म्हणजे कामांच्या नोंदवहीत, तारीख-वेळेसह सापडली आणि तेवढीच पुन्हा बसवली.

एक गोष्ट मात्र सहज निसटते. कोणते पॅकेज आपण स्वतः सांगून बसवले आणि कोणते दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, ही नोंद स्टेटस फाइलमध्ये नसते. ती एपीटीच्या, म्हणजे पॅकेजेस उतरवून डीपीकेजीकडे देणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘एक्स्टेंडेड स्टेट्स’ या फाइलमध्ये असते. तीही गेली असेल तर तिचीही प्रत परत आणावी, नाहीतर सगळीच पॅकेजेस हाताने बसवलेली समजली जातात आणि गरज न उरलेली पॅकेजेस काढणाऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेला काढण्याजोगे काही सापडत नाही.

या सोयीची खरी उणीव अशी की प्रती त्याच डिस्कवर राहतात. डिस्कच गेली तर मूळ फाइल आणि प्रती एकदमच जातात, म्हणून ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ या आज्ञेने मिळणारी, हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी मी आता दर आठवड्याला दुसऱ्या संगणकावर ठेवतो. डिस्क वाचता येते पण एकही प्रत शाबूत नाही, अशा वेळी /यूएसआर/शेअर/डॉक मधील फोल्डरांची नावे पाहावीत. जवळजवळ प्रत्येक पॅकेज तिथे स्वतःच्या नावाने असते, आवृत्ती मात्र त्या नावांवरून कळत नाही.