वारी, वही की वर्तुळ? दारूच्या घरात वाढलेल्यांसाठी

जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून वडील किती प्यायलेत हे मला सातव्या वर्षी ओळखता यायचं. चपला फरफटत आल्या तर न जेवताच झोपतील. टाच आपटत आली तर धाकट्या भावाला लगेच शेजारच्या काकूंकडे पाठवायचं. आता माझी चाळिशी उलटली, वडील जाऊनही बारा वर्षं झाली. तरी जिन्यात कुणाची टाच वाजली की हातातली पोळी तव्यावर करपते.

अशाच घरातून आलेल्या दोघीतिघींनी अलीकडे मला एकच प्रश्न विचारला. विपश्यनेला जाऊ, काही लिहायला-चितारायला घेऊ, की पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या ‘त्या मीटिंग’ला जाऊ? तिन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहिते. माझं माप एका बाजूला झुकलेलं आहे, ते आधीच सांगून टाकते.

‘इतक्या वर्षांनी काय उगाळायचं?’ असं घरचे म्हणतील. 1998 साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणीचा मार, अपमान, घरातलं व्यसन यांची त्यांनी मोजदाद केली, तेव्हा असे अनुभव जितके जास्त तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, असं दिसलं. म्हणजे हे मनाचे चोचले नव्हेत. आणि हो, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, रात्र-रात्र झोप नसेल, जुने प्रसंग आत्ता घडताहेत असे अंगावर येत असतील, तर खालचं काहीही निवडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता श्रद्धेची वाट. हिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

विपश्यना स्वतःला श्रद्धा म्हणवत नाही, पण आपल्याकडे जाणारे बहुतेक त्याच भावनेने जातात. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, फोन नाही, वाचन नाही, लिहिणंही नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना पाहायच्या, आणि मग दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं. पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण झाल्यावर दान देता येतं. पद्धत शिस्तीची आहे आणि तिने सावरलेली माणसं मला माहीत आहेत. मी मात्र पाचव्या दिवशी डोळे मिटून बसले होते आणि चपला वाजल्या. खऱ्या नव्हे, त्या. उठून जायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. तेव्हा कळलं की हे तर मला येतंच. लहानपणी कॉटखाली मी हेच करत होते.

पद्धतीला यात दोष नाही, माझा क्रम चुकला होता. अर्जात मानसिक आजार, औषधं यांबद्दल विचारतात. ते लपवू नका, तो प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

वारीचा स्वभाव उलटा. आळंदीहून पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, मुक्कामांसह तीनेक आठवडे. पाय चालतात, हातात टाळ, तोंडात अभंग, आणि अनोळखी बाई पाण्याचा तांब्या पुढे करत ‘घ्या माऊली’ म्हणते. ज्या घरात आईला आई व्हायला फुरसतच मिळाली नाही, तिथल्या लेकराला दिवसातून शंभरदा ‘माऊली’ ऐकून काय होतं, ते सांगता येत नाही. मी सासवडला एका ओट्यावर बसून रडले आणि कुणीही ‘काय झालं’ विचारलं नाही. फक्त पुढ्यात भाकरी आली.

पण एक काटा आहे. पांडुरंग विटेवर उभा का? पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता म्हणून. ज्या पायांच्या लाथा खाल्ल्या तेच चेपायचे, असं ऐकणाऱ्याला या कथेत आपली जागा सापडत नाही. त्यातून कुणी बुवा ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणाला, किंवा ‘वडिलांना माफ कर, मग शांती मिळेल’ म्हणाला, तर तिथून उठा. माफी आली तर आपली आपण येते, तिची तारीख दुसऱ्याने ठरवायची नसते. मला जवळची वाटते ती मुक्ताई. आईबापाला देहांत प्रायश्चित्त, चारही पोरं उघड्यावर, वर गावाचा बहिष्कार. परंपरा सांगते की अपमानाने खचून ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा धाकटी बहीण बाहेरून विनवत राहिली, ताटी उघडा. श्रद्धा, कविता आणि सोबत, तिन्ही त्या एका दारापाशी आहेत.

कला सगळ्यात स्वस्त. चाळीस रुपयांची वही पुरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी 1986 मध्ये छापलेला प्रयोग साधा होता: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन विसरायचं. लिहिणाऱ्यांना त्या दिवशी उलट जास्त वाईट वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या महिन्यांत, डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. त्यामुळे ‘लिहिलं की मोकळं वाटतं’ हे अर्धंच खरं. रात्री अकराला लिहायला बसू नका. आणि एखादा प्रसंग झेपत नसेल तर तो सोडून दुसरं लिहा.

माझ्या वहीत पहिली दोन पानं नुसत्या शिव्या होत्या. तिसऱ्या पानावर चपलांचं वर्णन आलं: तपकिरी, डाव्या अंगठ्याचा पट्टा तारेने बांधलेला. तार का? नवीन घ्यायला पैसे नव्हते. पैसे का नव्हते ते सगळ्यांना माहीत होतं, पण पगाराच्या दिवशी तोच माणूस आम्हाला आधी नवे बूट घेऊन द्यायचा हे मी विसरले होते. राग कमी झाला नाही, फक्त वडील जरा पुऱ्या आकाराचे दिसले. हे काम वहीने केलं, दुसऱ्या कशाने झालं नसतं.

चित्रं, माती, नाटक यांबद्दल मी कमी बोलेन, कारण माझा हात चालत नाही. ज्यांना शब्दच फुटत नाहीत त्यांना रंग सोपे जातात, एवढं पाहिलंय. प्रशिक्षित कला-उपचारक आणि हौशी कार्यशाळा यांत फरक असतो. शिक्षण कुठे झालं हे फी भरण्याआधी विचारा. वहीचा खरा तोटा हा की ती उत्तर देत नाही. शिवाय घरात कुणाच्या हाती लागली तर वेगळंच रामायण.

राहिलं वर्तुळ, म्हणजे ती मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, 1935 ची. त्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन, 1951 पासून. मोठ्या झालेल्या मुलांचे वेगळे गट पुढे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अल-अनॉनच्या बैठका भरतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, 1986 साली अवचट दांपत्याने सुरू केलेलं, व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही धरून काम करतं.

खोली साधीच. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, शेवटी फिरणारी वर्गणीची पिशवी, ज्यात दहा रुपये टाकले तरी चालतात. आडनाव सांगायचं नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम मराठी माणसाला सगळ्यात जड जातो. सुरुवातीला मला तो कोरडेपणा वाटला होता. मग एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘कुलपात किल्ली फिरायचा आवाज झाला की अजून पोटात गोळा येतो.’ वर्तुळातलं वर्तुळात ठेवायचं असतं, म्हणून पुढचं सांगत नाही. पण पस्तीस वर्षं मला वाटत होतं की असले कान फक्त माझेच आहेत.

खोट इथेही आहे. कुणी प्रशिक्षित नसतो, एखाद्या गटात एकच बाई दर आठवड्याला वीस मिनिटं खाते, आणि ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ वगैरे भाषेने नास्तिक बिचकतात. गट जमला नाही तर दुसरा पाहा, पण तीनचार वेळा गेल्याशिवाय ठरवू नका. लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र पहिल्यांदा समुपदेशकाकडेच बोला, इथे नंतर.

मला विचाराल तर निवड एका गोष्टीवर करा: तुमच्या घरात कुठला नियम होता? आमच्याकडे ‘बाहेर बोलायचं नाही’ हा होता, दारूच्या बहुतेक घरांत तोच असतो. मग पहिला उपाय तो नियम मोडणारा हवा. म्हणून आधी वर्तुळ, सोबत वही, वारी वाटेल तेव्हा, आणि मौनाचं शिबिर सगळ्यात शेवटी. ज्यांच्या घरात उलट होतं, अखंड आरडाओरडा, एक क्षण शांत नाही, त्यांना कदाचित ते दहा दिवस सुखाचे जातील. आमच्या धाकट्याला गेले.

पहिल्या दिवशी बोलावंच लागतं का, असं परवा एकीने विचारलं. नाही. पाळी आली की ‘आज फक्त ऐकते’ म्हणायचं, शेजारची खुर्ची बोलायला लागते.