इतिहासाच्या परीक्षेसाठी कोरी कार्डं आणि तीन कप्प्यांचा डबा: दोन महिने वापरल्यानंतर

भाच्याच्या आधुनिक इतिहासाच्या परीक्षेला दोन महिने उरले होते, तेव्हा मी तीन बाय पाच इंचांची कोरी कार्डं आणि ती उभी मावतील असा तीन कप्प्यांचा डबा आणला. पुस्तक त्याचं चार वेळा वाचून झालं होतं, पानं हायलायटरने पिवळी झाली होती. पण पुस्तक मिटून "१९१४ मध्ये ब्रिटन युद्धात का उतरलं?" असं विचारलं की गाडी अडायची. "मावशी, वाचलंय गं मी, आत्ता आठवत नाहीये." खरंच बोलत होता पोरगा. पान समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि परीक्षेत पान समोर नसतं.

त्याआधी आम्ही छापील कार्डांचा तयार संच वापरून पाहिला होता. पुढे घटना, मागे साल. सालं पाठ झाली, उत्तर मात्र लिहिता येईना. कोरं कार्ड हातात घेतलं की आधी ठरवावं लागतं: यातलं विचारण्यासारखं काय आहे? ते ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो.

डब्याची पद्धत जर्मन विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो दर तीन दिवसांनी. पुन्हा आलं की तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. कुठेही चुकलं की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात परत. मूळ पद्धतीत कप्पे जास्त आहेत, दोन महिन्यांना आम्हाला तीन पुरले. रोज वीस मिनिटं लागायची, आणि जे येतंय तेच पुन्हा पुन्हा वाचत बसणं बंद झालं.

पण मला या कार्डांचं खरं मोल कळलं ते ती जमिनीवर मांडल्यावर. एका संध्याकाळी त्याला म्हटलं, पहिल्या महायुद्धाची सुरुवात ओळीने मांड. त्याने मांडली: २८ जून १९१४ सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, २८ जुलै ऑस्ट्रिया-हंगेरीची सर्बियाविरुद्ध युद्धघोषणा, १ ऑगस्ट जर्मनीची रशियाविरुद्ध, ३ ऑगस्ट फ्रान्सविरुद्ध, ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात. आता दर दोन कार्डांच्या मध्ये "म्हणून" घालून बोल, म्हटलं. पहिल्याच जागी अडला. खून २८ जूनला आणि युद्ध २८ जुलैला. महिनाभर काय चाललं होतं? त्याने स्वतःच पुस्तक उघडलं. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला दिलेलं पाठिंब्याचं आश्वासन आणि २३ जुलैचा ऑस्ट्रियाने सर्बियाला दिलेला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता, अशी दोन नवी कार्डं लिहिली. १ ऑगस्टच्या आधी रशियाची सैन्य-जमवाजमव आली. ३ आणि ४ ऑगस्टच्या मध्ये जर्मनीने बेल्जियमवर केलेली चढाई आली, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा, ब्रिटनचीही सही असलेला १८३९ चा लंडन करार. ब्रिटनच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. ते त्याला मी सांगितलं नाही, रिकाम्या जागेने सांगितलं.

तसंच व्हर्सायचं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या तहाचं झालं. "व्हर्सायचा तह झाला म्हणून हिटलर आला" हे वाक्य त्याच्या प्रत्येक उत्तरात असायचं. एका टोकाला १९१९ आणि दुसऱ्या टोकाला हिटलर सत्तेवर आला तो जानेवारी १९३३ ठेवून मध्ये त्याच्या नाझी पक्षाच्या जर्मन संसदेतल्या जागा मांडायला लावल्या: मे १९२८ मध्ये १२, सप्टेंबर १९३० मध्ये १०७, जुलै १९३२ मध्ये २३०. तह होऊन नऊ वर्षं झाली तरी फक्त बारा! मग १९२८ आणि १९३० च्या मध्ये काय घडलं? १९२९ ची मंदी हे कार्ड ठेवताना त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानंतरच्या उत्तरात तह होता, मंदीही होती, आणि दोन्हींचा संबंध होता. परीक्षक "कितपत कारणीभूत?" असं विचारतात तेव्हा त्यांना हेच हवं असतं.

उणिवाही सांगते. पहिला गठ्ठा पातळ कागदाचा निघाला. जेल पेनाची शाई मागून दिसायची, म्हणजे प्रश्न वाचतानाच उत्तर दिसायचं. अशा कार्डांचा काडीचा उपयोग नाही. डब्यातले पुठ्ठ्याचे आडवे पडदे पंधरा दिवसांत वाकले, आम्ही जाड पुठ्ठा कापून बसवला. आणि व्यंगचित्र किंवा भाषणाचा उतारा देऊन विचारलेल्या प्रश्नांना कार्डं कामाला येत नाहीत. कोणी, कधी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिलं, हे प्रत्यक्ष उतारा समोर घेऊनच शिकावं लागतं. दीर्घोत्तरांचंही तेच: घड्याळ लावून पूर्ण उत्तर लिहायला आम्ही शेवटचे तीन आठवडे ठेवले, ते पाच हवे होते.

परीक्षा चार दिवसांवर आली असेल तर डबा घेऊ नका, कप्पे फिरायलाच वेळ मिळणार नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. महिना-दोन महिने हातात असतील तर जरूर घ्या. घेताना एक कार्ड लिहून उजेडाकडे धरून बघा, एका कार्डावर एकच प्रश्न लिहा, आणि निम्मे प्रश्न तरी "का" ने सुरू होऊ द्या.