नाळरक्त साठवणीचं पॅकेज: सिकलसेलच्या घरानं घ्यावं का?

'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणून नाळरक्त साठवणाऱ्या कंपन्या हे पॅकेज गरोदर बाईच्या घरच्यांच्या गळी उतरवतात. नाळेतल्या रक्तात स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) असतात, ते गोठवून ठेवायचे आणि हप्ते भरत राहायचं. गडचिरोली-गोंदियाकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची, धास्ती मोठी, त्यामुळे माणूस लवकर हो म्हणतो.

आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक घरांनी घेऊ नये. बाळ एसएस (आईकडून-बापाकडून दोन्ही जनुकं सिकलची, म्हणजे आजारी) निघालं तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, त्यानं ते बरं कसं होणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही स्वतःसाठी केलेल्या साठवणीला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलं आहे.

अपवाद एक. मोठं लेकरू एसएस आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे. तेव्हा नव्या बाळाच्या नाळेतल्या पेशी जुळल्या तर त्या लेकराला देता येतात. भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळण्याची शक्यता 4 त 1. आईवडील दोघंही एएस (एकच जनुक सिकलचं, म्हणजे वाहक) असतील तर बाळ एसएस नसण्याची 4 त 3. दोन्ही एकदम जमायची 16 त 3. आणि जुळलंच, तर तेच भावंड थोडं मोठं झाल्यावर त्याची अस्थिमज्जाही (हाडातला मगज, त्यातही स्टेम सेल असतात) घेता येते.

खरी गडबड होते ती बाळंतपणाच्या खोलीत. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालतात, पिशवी खाली धरतात, रक्त आपल्या वजनानं उतरतं. पिशवीत रक्त न गोठण्याचं द्रव्य असतं, पण ती हलक्या हातानं सारखी हलवली नाही तर गुठळ्या धरतात. जास्त रक्त मिळावं म्हणून नाळ घाईनं चिमटली तर बाळाच्या हक्काचं रक्त जातं. जागतिक आरोग्य संघटना किमान 1 मिनिट थांबायला सांगते. आधीच रक्त कमी असलेल्या आईच्या लेकराला त्या रक्तातलं लोह फार मोलाचं आहे. नाळ लवकर चिमटू म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

पुढे प्रवास. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना पेटी गाडीच्या डिकीत राहिली, तर दूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. म्हणून पोचल्यावर पेशी किती मोजल्या आणि त्यातल्या जिवंत किती, हे लेखी मागा. प्रत्यारोपणाला (या पेशी रुग्णाच्या अंगात घालायला) रुग्णाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात, सिकलसेलसारख्या आजारात त्याहून जास्त. 30 किलोच्या मुलाला किमान 75 कोटी. एका पिशवीत एवढ्या निघतीलच असं नाही. कमी भरल्या तर पैसे परत मिळतात का, तेही करारात बघा.

'पुढे जीन थेरपी (जनुकातला दोष दुरुस्त करणारा उपचार) येईल, तेव्हा कामी येईल' हेही सांगतात. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये सिकलसेलवरच्या अशा उपचाराला मंजुरी मिळाली, तेव्हाची किंमत 22 लाख डॉलर. पण त्यात रुग्णाच्या स्वतःच्या अंगातूनच स्टेम सेल काढून दुरुस्त करतात. गोठवलेली पिशवी लागत नाही.

पैसे हातचे राखा. नवराबायकोनं आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची पहिली रक्तचाचणी) करावी, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी (एएस की एसएस हे पक्कं सांगणारी तपासणी). दोघं एएस निघाले तर गर्भाची तपासणी 10 ते 12 व्या आठवड्यात होते, म्हणून दिवस गेल्याचं कळताच आशाताईला सांगा.