इकिगाईची चार वर्तुळांची वही: साठीनंतर कितपत कामाची?

एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं छापलेली 'इकिगाई'ची (जगण्याचं कारण या अर्थाचा जपानी शब्द) वही आता ऑनलाइन सहज मिळते. आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय आणि पैसे कशाचे मिळतील, असे चार प्रश्न. चारही जिथे जुळतात तो म्हणे तुमच्या जगण्याचा हेतू. साठीला सरकारी नोकरीतून उतरलेल्या आईवडलांना मुलं ही वही हौसेने भेट देतात. गोव्यातल्या अशा वाचकाला ती कितपत उपयोगी पडते, तेवढंच इथे पाहू.

पहिली दोन वर्तुळं खरोखर चांगली आहेत, फक्त भरायची रीत बदला. 'वाचन, प्रवास, समाजसेवा' असं लिहिलं की पान दहा मिनिटांत भरतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातून करण्यासारखं काहीच निघत नाही. त्याऐवजी काम, वार आणि वेळ लिहा: 'सोमवारी संध्याकाळी देवळात पखवाज लावणे'. एका वर्तुळात अशा पाच ओळींहून जास्त नकोत. 'जमतं काय' हे पान मात्र एकट्याने भरू नका. जे सहज जमतं ते आपल्याला कौशल्य वाटतच नाही, म्हणून नेमकं तेच राहून जातं. ज्यांनी तुमच्यासोबत काम केलंय अशा दोघांना विचारा.

'जगाला हवं काय' इथे माणसं पर्यावरण आणि शिक्षण लिहून मोकळी होतात. जग म्हणजे आपला वाडा (गावातली आपली वस्ती), देऊळ, शेजारची शाळा एवढंच धरा. उत्तरं लगेच खाली येतात.

खरी अडचण चौथ्या, पैशांच्या वर्तुळाची. ही आकृती जपानी नव्हे. स्पॅनिश ज्योतिषी आंद्रेस सुसुनागा यांनी जीवनहेतूची चार वर्तुळं काढली होती. २०१४ मध्ये ब्लॉगलेखक मार्क विन यांनी त्यांच्या मधोमध 'इकिगाई' लिहिलं आणि ती जगभर पसरली. जपानमध्ये मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६६ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं. त्यामागे नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांसोबतचा त्यांचा अनुभव होता. ज्यांचं घर आणि रोजगार दोन्ही सुटलेलं, त्यांच्यापाशीही जगण्याचं कारण असू शकतं, हा तिथला शोध. जपानच्याच ओसाकी भागातल्या ४३,३९१ प्रौढांची सात वर्षं नोंद ठेवणारा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. त्यातही प्रश्न साधा होता: तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे दीडपट आढळलं. आजारी माणसाला जगण्यात रस कमी वाटू शकतो, त्यामुळे यावरून कारण सिद्ध होत नाही. पण कमाईचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता, हे ध्यानात घ्या.

गोव्यातल्या खाणींच्या भागात, सावर्डे-कुडचड्याकडे, हे वर्तुळ तर जखमेवर बोट ठेवतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि ट्रक दारात उभे राहिले. ज्याचा धंदा पन्नाशीत थांबला त्याच्याकडून 'पैसे कशाचे मिळतील' हे रिकामं पान भरून घेण्यात काय अर्थ? पोटापाण्याचा प्रश्न खराच आहे, पण त्याचा हिशेब वेगळ्या कागदावर करावा.

आमचा सल्ला: चौथ्या पानावरचा प्रश्न खोडा आणि लिहा, 'हे मी केलं नाही तर कोणाचं अडेल, आणि कधी?' पखवाजाचंच घ्या. भजनाआधी अर्धा तास कणीक मऊ मळायची, डाव्या पुडीच्या (तोंडावरच्या चामड्याच्या) मधोमध गोल थापायची, थाप मारून ऐकायची. आवाज पातळ वाटला तर कणीक वाढवायची, जड वाटला तर कमी करायची. कणीक सैल असेल तर वाजवताना सरकते. भजन संपल्यावर खरवडून काढली नाही तर सुकते, चामड्याला घट्ट धरते आणि पुडी खराब होते. हे काम पत्करलेला माणूस आला नाही तर पेटी आणि टाळ घेऊन बसलेली मंडळी खोळंबतात. त्याला इकिगाई शोधत बसावं लागत नाही.

कुळागर (पोफळीची बाग) असेल तर तारखा पाऊसच ठरवतो. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी फवारायचं बोर्डो मिश्रण १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी. पोफळीवर चढणं साठीनंतर नको, पण मिश्रण नीट करणारा माणूस लागतोच. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका, प्लास्टिकचा पिंप घ्या. तयार मिश्रणात सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

वही विकत घ्यायलाच हवी असं नाही, शाळेची चौकटीची वही चालते. भेट मिळाली असेल तर पहिली दोन पानं जरूर भरा, तिसरं वाड्यापुरतं ठेवा, चौथं वर सांगितल्याप्रमाणे बदला. तीन महिन्यांनी परत उघडा आणि ज्या ओळीपुढे वाट पाहणाऱ्या माणसाचं नाव लिहिता आलं नाही, ती खोडून टाका.